आधी पलंगाची फळी बघा, मग गादी

वाचकांचं पत्र

ताई, नमस्कार.

मुलांच्या शाळेसाठी आम्ही गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातलं गावचं घर सोडून फोंड्याला फ्लॅटमध्ये राहायला आलो. नवीन घर म्हणून सुताराकडून सहा बाय साडेसहाचा बॉक्सचा पलंग करून घेतला आणि त्यावर आठ इंची मेमरी फोमची गादी घेतली. सुरुवातीचे महिने बरे गेले. मे महिन्यात ह्यांना घामाने झोप येईना. पावसाळ्यात खोलीला कुबट वास यायला लागला. चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) आधी साफसफाई करताना गादी उचलली तर खालून काळे डाग. सकाळी उठल्यावर माझी कंबर अर्धा तास धरलेली असते. पण चवथीला गावी गेलो तेव्हा तिथल्या जुन्या खाटेवर, कापसाच्या गादीवर झोपले, तर कंबर अजिबात दुखली नाही.

सासूबाई ७४ वर्षांच्या आहेत. त्या इथे जमिनीवर आपली कापसाची गादी घालून झोपतात. गुडघे दुखतात, रात्री उठायचं तर मला हाक मारावी लागते, तरी पलंगावर झोपायला तयार नाहीत. 'तुमच्या गादीत चिखलात रुतल्यासारखं होतं' म्हणतात. दुकानदार म्हणतो, ऑर्थोपेडिक कडक गादी घ्या. हे म्हणतात, एसी लावू, सगळं सुटेल. दर दोन वर्षांनी गादी घेणं आम्हाला परवडणारं नाही. काय करू?

— एक वाचक, फोंडा

उत्तर

सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रातलं सगळ्यात कामाचं वाक्य चवथीचं आहे. गावी कंबर दुखली नाही आणि फोंड्याला दुखते, म्हणजे दुखण्याचा बराचसा भाग अंथरुणात आहे, तुमच्या कंबरेत कमी. ही चांगली बातमी आहे. तरी एक गोष्ट आधी सांगते. दुखणं कंबरेतून पायात उतरत असेल, पायाला मुंग्या किंवा बधिरपणा येत असेल, रात्री दुखण्याने जाग येत असेल, तर गादीचा विचार बाजूला ठेवून डॉक्टरांना दाखवा. लघवी-शौचावरचा ताबा जातोय असं वाटलं तर एक दिवसही थांबू नका, तडक गोमेकॉ, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालयाचं इस्पितळ, गाठा. असं काही नसेल तर पुढचं वाचा, आणि माझं मत असं की महिनाभर काहीही विकत घेऊ नका. दिवाळीचे सेल लागले तरी नाही.

कारण तुमची गादी वरून बिघडलेली नाही, खालून बिघडली आहे. माणूस झोपतो तेव्हा रात्रभरात त्याच्या अंगातून श्वासावाटे आणि त्वचेवाटे पाव लिटरच्या आसपास पाणी निघतं. दोघांचं मिळून अर्धा लिटर. त्यातलं काही हवेत जातं, काही चादरीतून गादीत उतरतं. गादीची वरची बाजू अंगाने गरम, खालची बाजू गार. ओल गरम बाजूकडून गार बाजूकडे सरकत जाते आणि खाली सनमायका लावलेल्या प्लायवर येऊन अडते. तिथून तिला जायला वाट नाही, कारण खाली बंद पेटी आहे, आणि त्या पेटीत बहुधा पाहुण्यांच्या रजया, जुने कपडे, प्लास्टिकच्या पिशव्या ठासून भरल्या असतील. बाहेर जून ते सप्टेंबर आपल्याकडची हवा आधीच पाण्याने जड. फोंडा-सत्तरीच्या पट्ट्यात तर दिवसेंदिवस ऊन दिसत नाही. काळे डाग म्हणजे बुरशी, आणि अशा जागी ती आली नसती तरच नवल. त्याच पलंगावर उद्या दुप्पट किमतीची गादी टाकलीत तरी पुढच्या चवथीला तेच डाग दिसतील.

गावच्या खाटेखाली काय आहे ते आठवून बघा. फळ्या आहेत, फळ्यांमध्ये फटी आहेत, आणि खाटेखालून केरसुणी फिरते, म्हणजे हवाही फिरते. डोक्यावर मंगळुरी कौलं आहेत. गरम झालेली हवा कौलांच्या सांध्यांतून निघून जाते. फ्लॅटचा स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि ती ऊब रात्री खोलीत सोडतो, वरच्या मजल्यावर तर जास्तच. यजमानांचा घाम नुसता मेच्या हवेचा नाही.

म्हणून पहिला खर्च सुतारावर करा, आणि तो मोठा नाही. तुमचा बॉक्सचा पलंग टाकून द्यायची गरज नाही. वरचं प्लाय काढून त्या जागी पट्ट्या बसवता आल्या तर उत्तम. अडीच-तीन इंच रुंदीच्या पट्ट्या, दोन पट्ट्यांमध्ये दोन ते अडीच इंचांची फट. तीन इंचांहून जास्त फट ठेवू देऊ नका. फोम त्यात खाली ओघळतो आणि गादीला आतून वळ्या पडतात. सहा फूट रुंदीच्या पलंगाला मधोमध डोक्याकडून पायाकडे जाणारा एक टेकू आणि त्याला जमिनीपर्यंत पाय हवाच, नाहीतर वर्षभरात पट्ट्या मध्ये वाकतात आणि दोघेही झोपेत मध्यावर घसरता. लाकूड फणसाचं मिळालं तर घ्या. ते वाळवीला सहज दाद देत नाही आणि आपल्याकडच्या सुतारांच्या हातात बसलेलं आहे. जुन्या घरांच्या मोडीतून निघालेलं सागवान मिळत असेल तर त्याहून चांगलं, मात्र वापरण्याआधी ढेकूण आणि वाळवी नीट तपासून घ्या.

पट्ट्यांचा खर्च नको असेल तर आहे त्याच प्लायला एक इंची भोकं पाडून घ्या, पाच-सहा इंचांच्या अंतराने, सगळीभर. तेवढ्याने भागत नाही. पेटीच्या दोन्ही बाजूंनाही भोकं किंवा जाळी हवी, नाहीतर वरची हवा खाली जाऊन तिथेच कोंडेल. पेटी अर्धीच भरा आणि आत प्लास्टिक ठेवू नका. पलंग भिंतीला चिकटलेला असेल तर चार बोटं पुढे ओढा. बाहेरच्या भिंतीला, जिथे पावसाचा मारा बसतो, तिथे तर नक्कीच. पुढेमागे नवा पलंग केलात तर सुताराला प्लायवरचा शिक्का दाखवायला सांगा. आयएस ७१० म्हणजे मरीन प्लाय, आयएस ३०३ म्हणजे सर्वसाधारण वापराचं. आपल्या हवेत निदान पलंगाच्या तळाला तरी स्वस्तातलं साधं प्लाय वापरू नये असं मला वाटतं.

हे झालं की एक साधी परीक्षा करा. आहे ती गादी दोन-तीन रात्री जमिनीवर, कोरड्या चटईवर टाकून झोपा. कंबर हलकी वाटली तर दोष पलंगाचा होता. तशीच दुखली तर गादी बसली आहे. त्याचीही खूण आहे: गादीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत दोरी ताणून धरा आणि तुम्ही झोपता त्या जागी दोरीखाली किती पोकळी राहते ते पट्टीने मोजा. इंचभर किंवा जास्त असेल तर ती गादी कामातून गेली. बिल शोधून ठेवा. पुष्कळ कंपन्या इंचाहून जास्त खळगा पडला तर वॉरंटीत गादी बदलून देतात. पण गादीवर डाग असतील किंवा पलंगाचा तळ योग्य नसेल तर त्या नाकारतात, आणि बुरशी बहुधा वॉरंटीत बसत नाहीच. अटी वाचूनच तक्रार करा. दाद दिली नाही तर १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे.

डागांचं काय करायचं, तेही सांगते. तोंडाला मास्क लावून गादीचं वरचं कव्हर चेनने उघडा. डाग फक्त कव्हरवर असतील तर कव्हर गरम पाण्यात धुऊन खडखडीत वाळवा, फोम सौम्य साबणाच्या पाण्यात पिळलेल्या फडक्याने पुसा आणि दोन दिवस उभा करून पंख्याखाली ठेवा. डाग फोमच्या आत उतरले असतील आणि वाळल्यावरही वास येत असेल, तर मात्र तो फोम घरात ठेवू नका. बुरशी फोममधून धुऊन निघत नाही, आणि घरात कोणाला दमा किंवा सकाळच्या शिंका असतील तर त्रास वाढतो. टाकायची झाल्यास नगरपालिकेला कळवून द्या, ओहोळाच्या कडेला नको.

आता 'कडक गादी पाठीला चांगली' याबद्दल. हे आपल्याकडे इतकं ठाम बसलेलं आहे की दुकानदाराला ते सिद्धही करावं लागत नाही. २००३ साली 'द लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्पेनमधल्या संशोधकांचा एक अभ्यास छापून आला. जुनाट कंबरदुखीच्या ३१३ जणांना त्यांनी चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गटांत वाटलं. एका गटाला कडक गादी, दुसऱ्याला मध्यम कडक, आणि कोणाला कुठली मिळाली ते त्यांना सांगितलं नाही. ९० दिवसांनी मध्यम कडक गादीवाल्यांचं दुखणं जास्त कमी झालेलं होतं. कारण समजायला सोपं आहे. कुशीवर झोपल्यावर खांदा आणि नितंब गादीत थोडे उतरले तरच पाठीचा कणा सरळ राहतो. फळीसारख्या गादीवर ते उतरत नाहीत आणि कंबर अधांतरी राहते. फार मऊ गादीत नितंब जास्त उतरतात आणि कंबर वाकते. तुमच्या गावच्या खाटेवरची कापसाची गादी ही नेमकी मधली होती.

'ऑर्थोपेडिक' हा शब्द बघून पैसे मोजू नका. तो कुठलीही कंपनी आपल्या गादीवर छापू शकते. बऱ्याचदा त्या नावाखाली रिबॉन्डेड फोम असतो, म्हणजे फोमचे तुकडे चिकटवून दाबून केलेला ठोकळा. तो कडक आणि टिकाऊ असतो, पण अंगाला देत नाही. दुकानात आणखी एक शब्द कानावर पडेल, डेन्सिटी. '४० डेन्सिटी' म्हणजे एक घनमीटर फोमचं वजन ४० किलो. त्याचा संबंध टिकण्याशी आहे, कडकपणाशी नाही. ४० डेन्सिटीचा फोम मऊही असू शकतो. आतला मुख्य थर ३२ च्या खाली नसावा, दोघांच्या गादीला ४० असेल तर बरं. हा आकडा बिलावर लिहून मागा. जो द्यायला तयार नाही त्याच्याकडून घेऊ नका.

मेमरी फोम वाईट असतो असं नाही. १९६० च्या दशकात नासासाठी विमानातल्या आसनांकरता तो तयार झाला. त्याचा स्वभावच असा की अंगाच्या उबेने मऊ होऊन तो अंगाचा साचा घेतो. थंड मुलखात हे सुखाचं होतं. आपल्याकडे मे महिन्यात खोलीच इतकी गरम असते की तो आधीच मऊ झालेला असतो, माणूस खोल उतरतो, अंगाभोवती हवा खेळत नाही आणि घाम फुटतो. सासूबाईंचं चिखलाचं वर्णन अगदी बरोबर आहे. त्यांना कूस बदलायला जोर लावावा लागत असणार, आणि त्या वयात गुडघे दुखत असताना ते अवघड जातं.

तुमची गादी वापरण्याजोगी निघाली तर एक उपाय करून बघा. चादरीखाली, गादीवर, जुन्या सुती साड्यांची जाड वाकळ पसरा. गावी एखादी असेलच. ती घाम टिपते, फोमची ऊब अंगापर्यंत येऊ देत नाही आणि रुतणंही थोडं कमी करते. दर आठवड्याला उन्हात टाकता येते. गादीवर घालायच्या पाच-सहा हजारांच्या 'कूलिंग' टॉपरआधी हे करून बघावं असं मी आग्रहाने सांगेन.

नवीनच घ्यावी लागली तर तुमच्या घरासाठी माझी पसंती रबराइज्ड कॉयरचा गाभा आणि वर दीड-दोन इंच लेटेक्स (रबराचा लवचीक फोम), एकूण सहा इंच, अशा गादीला आहे. कॉयर म्हणजे काथ्याच, रबराच्या चिकाने बांधलेला. त्यातून हवा आरपार जाते, तो तापत नाही, आणि आपल्या हवेत फोमपेक्षा लवकर वाळतो. नुसता कॉयर मात्र घेऊ नका. तो कडक असतो आणि काही वर्षांत मध्ये दबून भुगा पडायला लागतो. वरचा लेटेक्सचा थर खांदा-नितंबाला जागा देतो. लेटेक्स महाग आणि जड आहे, पण अंगाचं वजन उचलताच तो लगेच वर येतो, त्यामुळे कूस बदलणं सोपं जातं. लेटेक्स परवडत नसेल तर वर साधा चांगल्या डेन्सिटीचा मऊ फोम चालेल. स्प्रिंगच्या गादीत आत मोकळी हवा असते म्हणून ती गार वाटते. त्यातली पॉकेट स्प्रिंग, म्हणजे प्रत्येक स्प्रिंग वेगळ्या कापडी पिशवीत असलेली घ्या, म्हणजे एकजण कुशीवर वळला की दुसरा हलत नाही. समुद्राजवळ राहणाऱ्यांना मात्र मी स्वस्त स्प्रिंग सुचवत नाही, खाऱ्या हवेने तार गंजते. फोंड्याला ती भीती कमी.

दुकानात जाताना दोघेही जा, सैल कपडे घालून, आणि दोघे एकाच वेळी निदान दहा मिनिटं आडवे व्हा. लाज वाटून घेऊ नका. उताणं झोपल्यावर कंबरेखाली हात सरकवा. हात सहज आत-बाहेर होतोय आणि वर पोकळी राहते, तर गादी तुमच्यासाठी कडक. हात घुसवायला झगडावं लागतंय, तर मऊ. हात चिकटून सरकला तर ती तुमची. मग तुम्ही ज्या कुशीवर झोपता त्या कुशीवर वळा आणि मोबाइलवर पाठीचा फोटो काढायला सांगा. मानेपासून माकडहाडापर्यंत रेघ सरळ दिसली पाहिजे. तुमच्या दोघांच्या वजनात बराच फरक असेल तर तीन-तीन फुटांच्या दोन वेगळ्या गाद्या शेजारी ठेवा आणि वर एकच चादर घाला. पलंगावरची जोडगादी सगळ्यांना सवयीने एकसंध हवी असते, पण रोज वेगवेगळी झोप लागणाऱ्या दोघांना एकाच गादीत बसवण्याचा हट्ट कशाला? उचलायला आणि वाळवायलाही दोन लहान गाद्या सोप्या. ऑनलाइन घेणार असाल तर शंभर रात्रींच्या ट्रायलची सोय आहे का, आणि परत न्यायला ते गोव्यात माणूस पाठवतात का, हे आधी लेखी विचारा. हॉटेलातून निघालेली गादी कोणी स्वस्तात देत असेल तर नको म्हणा. ढेकूण एकदा घरात शिरले की पलंग, कपाट, सोफा सगळं उपसावं लागतं.

एसीबद्दल यजमानांचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. खोली गार झाली, हवा कोरडी झाली, की झोप चांगली लागते. पावसाळ्यात 'ड्राय' मोड फार उपयोगी. पण रात्रभर एसी लावून सकाळी लगेच खिडक्या उघडल्यात तर बाहेरची दमट हवा त्या गार गादीवर येऊन तिथेच ओल धरते. एसी बंद केल्यावर तासभर पंखा चालू ठेवा, मग खिडकी उघडा. आणि तळ बंद असेल तर एसी असूनही गादीखालची बुरशी जाणार नाही. पैसे एकाच गोष्टीला असतील तर आधी पलंग, मग गादी, मग एसी.

आता सासूबाई. मला तुमच्या पत्रात सगळ्यात जास्त काळजी त्यांची वाटली. ७४ व्या वर्षी दुखऱ्या गुडघ्यांनी रात्री जमिनीवरून उठणं म्हणजे पडण्याची भीती, आणि त्या वयातलं पडणं खुब्यावर जातं. पावसाळ्यात फरशीची ओलही गादीत येते. पण त्यांना तुमच्या पलंगावर झोपवायचा प्रयत्न सोडून द्या. त्यांचा नकार पलंगाला नसून त्या गादीला आहे. त्यांच्यासाठी तीन फुटी साधी खाट करा, पट्ट्यांची, खालून मोकळी. उंची अंदाजाने ठरवू नका. त्यांना खुर्चीवर बसवा, टाच ते गुडघ्याच्या मागची घडी हे अंतर मोजा, साधारण १६ ते १८ इंच येईल. गादी धरून खाटेची एकूण उंची तेवढीच, फार तर इंचभर जास्त. पाय जमिनीवर टेकून बसता आलं पाहिजे, हात टेकायला एका बाजूला कठडा हवा, आणि दिव्याचं बटण झोपल्या जागेवरून हाताला लागेल असं. मग त्यांना रात्री तुम्हाला हाक मारावी लागणार नाही, आणि मला वाटतं त्यांनाही तेच हवं असेल.

त्या खाटेवर त्यांचीच गादी घाला. फक्त ती आधी पिंजून घ्या. कापूस दोन-तीन वर्षांत दबून गठळ्या धरतो, आणि गठळ्यांची गादी कुठल्याही कडक गादीइतकी पाठीला टोचते. पाऊस सरला की लगेच पिंजाऱ्याकडे द्या, कोरड्या हवेत पिंजलेला कापूस फुलतो. गादी देताना त्याच्यासमोर वजन करा, परत घेताना पुन्हा करा. जुना कापूस थोडा कमी भरेल, तेवढा नवा घालायला सांगा. खोळ सुती आणि घट्ट विणीची घ्या. टाके जवळजवळ घालायला सांगा म्हणजे कापूस सरकत नाही. त्यांना ती पातळ वाटली तर खाली दोन-तीन इंची कॉयरचा थर द्या. नव्या खाटेवर आपलीच गादी दिसली की बहुतेक सासूबाई तयार होतील. विचारताना 'तुमच्यासाठी खाट केली' म्हणण्याआधी सुतार घरी आला असताना त्यांनाच उंची आणि जागा ठरवू द्या.

एक फरक लक्षात ठेवा, कारण इथे बऱ्याच घरांत चांगल्या गाद्या वाया जातात. कापसाची गादी फेब्रुवारी ते मे कडक उन्हात टाकायची, ते तिला मानवतं. फोम आणि लेटेक्स उन्हात कधीही टाकायचे नाहीत. उन्हाने लेटेक्स कडक होऊन चिरतो आणि फोम पिवळा पडून ठिसूळ होतो. त्यांना सावलीत, वाऱ्यावर, उभं करून ठेवायचं.

चादरी सुतीच घ्या. 'हजार थ्रेड काउंट' (चौरस इंचातले धागे) असं लिहिलेलं असतं तिथे बहुधा पिळाचे धागे वेगवेगळे मोजून आकडा फुगवलेला असतो. दोनशे-तीनशेची साधी, सपाट विणीची चादर आपल्याकडे सगळ्यात गार लागते. मायक्रोफायबर म्हणजे पॉलिएस्टर. ती स्वस्त, सुरकुत्या न पडणारी आणि घाम न टिपणारी. जाड चादरी पावसात दोन-दोन दिवस वाळत नाहीत आणि ओशट वास धरतात, म्हणून जाड दोन जोड्यांपेक्षा हलक्या चार जोड्या करा. आठवड्याला धुवा, शक्य तेव्हा गरम पाण्यात. धुळीतले माइट्स साठ अंशांच्या पाण्यात मरतात. पावसाळ्यात घालण्याआधी इस्त्री फिरवली तरी उरलेली ओल जाते. गादीवर प्रोटेक्टर हवा, पण रेक्झिनचा किंवा कुरकुरणारा प्लास्टिकचा नको. वरून सुती टॉवेलसारखा आणि खालून हवा जाऊ देणारा पातळ पडदा असलेला मिळतो, तो घ्या.

उशीबद्दल तुम्ही लिहिलं नाहीत, पण कंबर धरणाऱ्यांची मानही पुष्कळदा धरते. कुशीवर झोपत असाल तर उशी खांद्याच्या रुंदीइतकी भरीव हवी, उताणं झोपत असाल तर पातळ. गावी कोणाकडे सावरीचं झाड असेल तर उन्हाळ्यात बोंडं फुटली की कापूस जमवून ठेवा. त्याची उशी हलकी होते, आणि शिवण चार बोटं उसवून मूठभर कापूस काढला-घातला की आपल्याला हवी तेवढी उंची करता येते. आणि कुशीवर झोपताना दोन गुडघ्यांमध्ये एक जुनी उशी धरा. कंबरेला त्याचा आराम आज रात्रीपासून मिळेल, त्यासाठी कशाचीही वाट बघायला नको.

नवी गादी आलीच तर तिचं प्लास्टिक पहिल्या दिवशी पूर्ण कापून काढा. मळू नये म्हणून ते वर्षानुवर्षं ठेवणारी घरं मी पाहिली आहेत, आणि आतली ओल तिथेच कुजते. गुंडाळून आलेली गादी उलगडून एक-दोन दिवस पंख्याखाली फुलू द्या, मगच चादर घाला. कोपऱ्यावर पेनाने तारीख लिहा आणि दर तीन महिन्यांनी डोक्याची बाजू पायाकडे फिरवा. वर-खाली उलटायची की नाही ते लेबल बघून, कारण वरचा मऊ थर एकाच बाजूला असलेली गादी उलटायची नसते. फिरवताना दरवेळी खालची बाजू हाताने चाचपून बघा. गार किंवा दमट लागली तर चादर तशीच घालू नका. गादी पलंगावर भिंतीला उभी टेकवून दिवसभर पंखा लावा.